बटण आपले, कान दुसऱ्याचे

माझा धाकटा भाऊ छोटा हत्ती चालवतो. छोटा हत्ती म्हणजे चार चाकांचा लहान टेम्पो, हे आमच्या मीरा-भाईंदरमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांतली स्टीलची भांडी, मीरा रोडच्या नव्या इमारतींत राहायला येणाऱ्यांची कपाटे आणि पलंग, कधी उत्तनची मासळी, जे मिळेल ते तो वाहतो. भाडे बहुतेक वेळा भिवंडीच्या गोदामांचे असते. म्हणजे काशिमीऱ्याला हायवेवर चढायचे, वरसावे पुलाच्या अलीकडे उजवीकडे वळून घोडबंदर रस्त्याला लागायचे, गायमुखचा घाट पार करायचा आणि ठाण्याच्या दिशेने पुढे जायचे. या रस्त्यावर रात्री अवजड गाड्यांची रांग असते. त्या रांगेत छोटा हत्ती म्हणजे खरोखरच हत्तींच्या कळपातले पिल्लू.

एका रात्री तो दोन वाजता घरी आला. हात थरथरत होते. घाटात एक ट्रेलर त्याला ओलांडता ओलांडता त्याच्या अंगावर सरकत आला होता. याने हॉर्न दाबून धरला, पण ट्रेलरच्या घरघरीत तो कुणाला ऐकूच गेला नाही. उजवीकडचा आरसा उडाला, दरवाजा खरवडला गेला आणि डावी चाके कडेच्या मातीत उतरली. ट्रेलरवाला थांबलाही नाही. कदाचित त्याला कळलेही नसेल. भाऊ पाणी प्यायला आणि पहिले वाक्य बोलला ते असे, "भाईजान, उद्याच प्रेशर हॉर्न बसवतो."

मला त्यात काही वावगे वाटले नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी शहाण्यासारखे बरेच काही लिहिणार आहे.

अब्बांनाही ते पटले. अब्बांनी पंचवीसेक वर्षे ट्रक चालवला, तोही बहुतेक मुंबई-गोवा रस्त्यावर. आमचे मूळ गाव खेड तालुक्यातले, त्यामुळे कशेडी घाटाचे प्रत्येक वळण त्यांना पाठ. ते म्हणतात, घाटातल्या वळणावर हॉर्न वाजवणे म्हणजे पलीकडच्या माणसाला सलाम करणे. 'मी येतोय, तू आहेस का?' एवढेच विचारायचे. पलीकडून जवाब आला की आपण कडेला व्हायचे, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हॉर्न म्हणजे त्यांच्या लेखी एक अदब होती. आता अब्बांना कमी ऐकू येते. म्हणजे आवाज येतो, शब्द कळत नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की बारीक, उंच स्वराचे आवाज गेले आहेत. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. माझी लहान मुलगी सकाळी "दादाजान, अस्सलामु अलैकुम" म्हणते तेव्हा ते तिच्या ओठांकडे पाहून जवाब देतात. काही वयामुळे, काही इतकी वर्षे इंजिनाशेजारी बसल्यामुळे, काही हॉर्नमुळे, असे डॉक्टर म्हणाले. कशाचा वाटा किती हे कोण वेगळे काढणार?

दुसऱ्या दिवशी भाऊ प्रेशर हॉर्नचा खोका घेऊन आला. लाल रंगाचे दोन प्लास्टिकचे कर्णे, मुठीएवढा कॉम्प्रेसर, रबराची नळी, थोडे स्क्रू. खोक्यावर दीडशे डेसिबल असे ठळक छापलेले. शिवाय काडेपेटीएवढा एक काळा चौकोनी डबा, त्याला खाली चार चपटे पाय. भावाने तो डबा बाजूला ठेवला. म्हणाला, "हे एक्स्ट्रा दिसतंय."

जुन्या हॉर्नच्या दोन वायरी काढून त्याने सरळ नव्या कॉम्प्रेसरला जोडल्या. बटण दाबले. दमेकरी माणसाने पिपाणी वाजवावी तसा आवाज आला आणि फ्यूज उडाला. त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. हा आमच्याकडचा सनातन उपाय आहे. पुन्हा बटण दाबले. या वेळी आवाज थोडा जास्त आला, पण तिसऱ्या दाबाला स्टिअरिंगखालून जळका वास सुटला. बॅटरीची वायर ओढून काढली तेव्हा आतल्या वायरीवरचे प्लास्टिक मेणासारखे वितळले होते.

मी शेजारी उभा होतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. बी.एड. होऊन बारा वर्षे झाली. दहावीच्या पुस्तकातले 'बर्क़ी रौ के असरात' म्हणजे विद्युतधारेचे परिणाम हे प्रकरण मी दर वर्षी शिकवतो. विद्युतधारेने तार तापते आणि ही उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र फळ्यावर लिहून मी किती खडू झिजवले असतील. पण डोळ्यांदेखत तार वितळत असताना मला ते सूत्र आठवले नाही. मी भावाला म्हणालो, "वायर डुप्लिकेट असेल."

खरे काय ते सांगितले माझ्या एका विद्यार्थ्याने. हा दहावीतला मुलगा, शेवटच्या बाकावर बसणारा. संध्याकाळी तो मामाच्या दुकानात बसतो. काशिमीऱ्याला हायवेलगत गाड्यांच्या वायरिंगचे दुकान आहे. त्याच आठवड्यात ओहमच्या नियमावरच्या चाचणीत मी त्याला पाचपैकी एक गुण दिला होता. आम्ही टेम्पो घेऊन दुकानावर गेलो, तर समोर हाच. मला पाहून हातातली पक्कड त्याने पाठीमागे लपवली. मग भावाच्या खिशातला काळा डबा पाहिला आणि हसू दाबत म्हणाला, "सर, यही तो असली चीज़ है."

तो डबा म्हणजे रिले.

त्या संध्याकाळी मी दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसलो आणि माझा विद्यार्थी मला शिकवत होता. त्याने एका जुन्या रिलेचे टोपण काढून दाखवले. आत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, मध्ये लोखंडाचा दांडा, त्याच्यावर स्प्रिंगने उचलून धरलेली एक पत्री. गुंडाळीला वीज दिली की दांडा चुंबक होतो, पत्री खाली ओढतो, टक असा आवाज होतो आणि दोन जाड टोके एकमेकांना टेकतात. वीज बंद केली की स्प्रिंग पत्रीला परत वर नेते. आठवीच्या पुस्तकात विजेची घंटा शिकवतो, तिच्यातले हेच बर्क़ी मक़नातीस. मी ते शेकडो वेळा फळ्यावर काढले होते. बोटाने कधी दाबून पाहिले नव्हते.

रिलेच्या पायांवर आकडे असतात, ३०, ८५, ८६ आणि ८७. हे आकडे जर्मनीतल्या मानकातून आले आणि आता जगभरच्या गाड्यांत तेच चालतात. मुलाने ते मला पाढ्यासारखे म्हणून दाखवले. ३० ला बॅटरीतून जाड वायर, मध्ये बॅटरीजवळच फ्यूज. ८७ मधून तशीच जाड वायर कॉम्प्रेसरला. ८६ ला जुन्या हॉर्नची वायर, म्हणजे बटण दाबल्यावर जिच्यात वीज येते ती. ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला, रंग खरवडून. कॉम्प्रेसरची दुसरी वायरही अर्थला. झाले. आता बटण दाबले की बटणातून फक्त रिलेच्या गुंडाळीपुरती वीज जाते. मोठी वीज बॅटरीतून रिलेमार्गे परस्पर कॉम्प्रेसरला जाते. स्टिअरिंगपर्यंत ती येतच नाही.

मी खिशातले पेन काढून हिशेब मांडला. बॅटरी १२ व्होल्टची, गुंडाळीचा रोध ८० ओहम, म्हणजे धारा ०.१५ अँपिअर. कॉम्प्रेसर त्याच्या मामाच्या मीटरवर १८ अँपिअर घेत होता. म्हणजे एकशे वीस पट. बटणाच्या जुन्या वायरीचा रोध दहावा भाग ओहम धरला, तर १८ अँपिअरला त्या वायरीत ३२ वॅट उष्णता तयार होते. हात लावाल तर भाजेल. तीच वायर रिलेच्या गुंडाळीपुरती वापरली तर उष्णता वॅटच्या चारशेव्या हिश्शाहूनही कमी. मुलाने कागद पाहिला आणि विचारले, "सर, हेच चाचणीत होतं का?" मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "मग तिथे गाडी का नव्हती काढली?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

रिले हा शब्द घोड्यांवरून आला आहे. लांबच्या प्रवासात थकलेला घोडा बदलून ताजा घोडा घ्यायचा, त्या व्यवस्थेला हा शब्द होता. आपल्याकडे डाकचौक्या होत्या. एक हरकारा धावत यायचा, थैली दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि ताज्या दमाचा दुसरा पुढे धावायचा. १८३० च्या दशकात जोसेफ हेन्री या अमेरिकी शास्त्रज्ञाने विजेला हीच युक्ती लावली. तारायंत्राची वीज लांब तारेत मलूल होते. मग तिने फक्त एक लहानसे चुंबक हलवायचे आणि त्या चुंबकाने पुढची ताजी बॅटरी जोडून द्यायची. निरोप तोच, दम दुसऱ्याचा. मला हे सगळे इतके आवडले की टेम्पो, हॉर्न, ट्रेलर, सारे विसरून मी त्या टकटकीत रमलो.

हॉर्न वाजला तेव्हा मात्र भानावर आलो. दुकानासमोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या माणसाच्या हातातला ग्लास हिंदकळला. झाडावरचे कावळे उडाले. भाऊ लहान मुलासारखा हसला आणि त्याने दुसऱ्यांदा वाजवला. खरे सांगायचे तर मलाही आनंद झाला. ज्याचे कुणी ऐकत नाही अशा माणसाच्या हातात एकाएकी असे काही आले की छाती फुगते. घाटातला तो ट्रेलरवाला आता ऐकेल, असे मनात आले.

तीन-चार आठवडे गेले. भाऊ रात्री परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आडवी असली की हॉर्न वाजवायचा. सुरुवातीला एकदा, मग दोनदा. तिसऱ्या मजल्यावरच्या खालाजान एकदा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बेटा, त्याला सांग, माझ्या नातवाला झोपवायला तासभर लागतो." मी हसून वेळ मारून नेली. अब्बांना हा हॉर्न मात्र नीट ऐकू यायचा. गॅलरीतून ते म्हणायचे, "आला वाटतं." घरातल्या बोलण्यातले अर्धे शब्द ज्यांना कळत नाहीत, त्यांना तो हॉर्न कळत होता. तेव्हा मला त्याचे बरेच वाटले.

त्याच सुमारास नववीला ध्वनीचे प्रकरण सुरू होते. ध्वनिप्रदूषण शिकवताना मी नियम सांगितले. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. डेसिबलची मोजणी साधी नाही, दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट, हेही सांगितले. मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यातला ११९ वा नियम सांगतो की एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा अति कर्कश, दचकवणारा हॉर्न गाडीला लावता येत नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासारख्यांना तेवढी सूट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे.

मी हे सांगत असताना बाहेर रस्त्यावर एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला. माझे वाक्य अर्धवट राहिले. मुले हसली. एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, मग हे लोक लावतात कसे?" मी उत्तर दिले की लोकांना शिस्त नाही. 'लोकांना' म्हणालो. घरी आमच्या इमारतीखाली उभा असलेला टेम्पो त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी पान उलटले.

मुंबईने हॉर्नशी झगडून पाहिले नाही असे नाही. ट्रकच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' आपण लहानपणापासून वाचत आलो. ते हॉर्न वाजवायला उत्तेजन देते म्हणून २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी त्यावर बंदी घातली. आवाज फाउंडेशनच्या सुमायरा अब्दुलाली कित्येक वर्षे ध्वनिमापक हातात घेऊन या शहरात फिरत आहेत. सणांचे ढोल, बांधकामे, हॉर्न, सगळ्यांचे आकडे त्या सारख्याच मापाने मोजतात. २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी काही चौकांत केलेल्या प्रयोगाचे चित्रण लोकांसमोर आले. लाल सिग्नलला थांबलेल्या गाड्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. जितका हॉर्न वाजवाल तितके जास्त थांबाल. १४ जून २०२३ रोजी पोलिसांनी शहरात 'नो हॉन्किंग' दिवसही पाळला. प्रयत्न झाले. पण हॉर्नचे बटण शेवटी प्रत्येकाच्या अंगठ्याखाली असते.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती न लिहिणे अप्रामाणिक होईल. भोंगा हा शब्द आमच्या मोहल्ल्यात गेल्या काही वर्षांत जपून उच्चारला जातो. २०२२ मध्ये राज्यभर भोंग्यांवरून राजकारण तापले तेव्हा आमच्याकडे रात्ररात्र चर्चा झाल्या. तेव्हा मी सर्वांना सांगत होतो की ध्वनीचा कायदा मशीद, मंदिर, मिरवणूक पाहत नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक लावणे हा मूलभूत हक्क होऊ शकत नाही असे म्हटले ते सर्वच धर्मांना लागू आहे, आपण आपला आवाज मर्यादेत ठेवावा आणि दुसऱ्यांनाही तीच मर्यादा मागावी. माझे म्हणणे बऱ्याच जणांना पटले होते. त्याच मी भावाच्या टेम्पोला, ज्याच्यासाठी कुठलीच परवानगी मिळत नाही असा भोंगा, स्वतः स्टुलावर बसून लावून घेतला होता. दुसऱ्याचा आवाज गोंगाट असतो, आपला आवाज गरज असते.

मग ती सकाळ आली. पाऊस होता, म्हणून भावाने मला शाळेपर्यंत सोडायचे ठरवले. शाळेच्या अलीकडे रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना इमारती, कडेला रिक्षा उभ्या. दोन रिक्षांच्या मधून पाचवीतली एक मुलगी दप्तर डोक्यावर धरून अचानक पुढे आली. भावाने हॉर्न दाबला. दोन्ही कर्णे एकदम ओरडले. मुलगी पळाली नाही. मागेही गेली नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दप्तर टाकले आणि दोन्ही हात कानांवर ठेवून तिने डोळे मिटले.

टेम्पो तिच्यापासून दोन हातांवर थांबला.

भावाने श्वास सोडला आणि म्हणाला, "पाहिलंत भाईजान? हॉर्न होता म्हणून वाचली."

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मी पाहिले होते. त्याचा हात आधी हॉर्नवर गेला होता आणि पाय नंतर ब्रेकवर. मध्ये फार तर अर्धा सेकंद गेला असेल. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. अर्ध्या सेकंदात चार मीटर. टेम्पो दोन हातांवर थांबला, तो सहज अजून चार मीटर अलीकडे थांबू शकला असता. मी तेव्हा काही बोललो नाही. खाली उतरलो, दप्तर उचलले आणि मुलीला आत नेले.

स्टाफरूममध्ये तिला पाणी दिले. तिचे दात वाजत होते. मी विचारले, "बेटी, आवाज ऐकून बाजूला का नाही झालीस?" ती म्हणाली, "सर, आवाज कुठून आला तेच कळलं नाही. सगळीकडून आला."

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आदळून तो आवाज खरोखरच सगळीकडून आला होता. नववीला परावर्तन आणि प्रतिध्वनी शिकवणाऱ्या मला हे एका पाचवीतल्या मुलीने सांगितले. घाटातला हॉर्न विचारतो, 'तू आहेस का?' आमचा हॉर्न त्या मुलीला म्हणाला होता, 'तू नसायला हवी होतीस.' भावाचा दोष मी एकट्या त्याच्यावर टाकत नाही. मोठा हॉर्न हाताशी असला की मन नकळत म्हणते, मी सांगितले, आता बाजूला होणे तुझे काम. थांबायची जबाबदारी जो जोरात ओरडतो त्याच्याकडून, जो पायी चालतो आहे त्याच्याकडे जाते.

दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे तो उघडा रिले येत होता. किती सुंदर युक्ती म्हणून मी खूश झालो होतो ती हीच, की बोटाला भार कळू नये. पंधरा शतांश अँपिअर आपल्याकडे, अठरा अँपिअर दुसरीकडे. यंत्रात हे ठीक आहे, तिथे तो भार जाड तांब्याच्या वायरीवर जातो आणि ती वायर त्यासाठीच घातलेली असते. रस्त्यावर तो भार एका दहा वर्षांच्या मुलीच्या कानांवर गेला होता, खालाजानच्या नातवाच्या झोपेवर गेला होता. आणि पंचवीस वर्षे केबिनमध्ये बसलेल्या अब्बांच्या 'स'वर आणि 'श'वर गेला होता.

रात्री भावाशी बोललो. तो लगेच तयार झाला नाही. म्हणाला, "आणि घाटात? तिथे तुमचे डेसिबल येणार आहेत का मला वाचवायला?" प्रश्न खोटा नव्हता. त्याला रोज त्याच घाटातून जायचे होते, मला नव्हते. म्हणून उपदेश बाजूला ठेवून आम्ही पुन्हा काशिमीऱ्याच्या दुकानावर गेलो.

मुलाने आमचे ऐकून घेतले. मग काढून ठेवलेला जुना हॉर्न मागवला, त्याला मूळच्या वायरी लावल्या आणि बटण दाबून हॉर्नच्या टोकांवर मीटर धरला. बॅटरीला १२ व्होल्ट, हॉर्नपाशी जेमतेम ९. म्हणाला, "सर, हॉर्न मरतुकडा नव्हता. त्याला जेवणच पोचत नव्हतं." जुन्या बारीक वायरीत, गंजलेल्या अर्थमध्ये, बटणाच्या काळवंडलेल्या टोकांत तीन व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. म्हणून त्या रात्री घाटात तो मांजराच्या पिल्लासारखा ओरडला. उपाय पुन्हा तोच, रिले. पण या वेळी ८७ मधून निघालेली वायर प्रेशर हॉर्नला नाही, तर कंपनीच्या मापाच्या साध्या, नव्या हॉर्नच्या जोडीला. बॅटरीतून नवी वायर, नवा फ्यूज, घासून स्वच्छ केलेला अर्थ. हॉर्न पूर्ण १२ व्होल्टवर वाजला तेव्हा तो एक खणखणीत, सरळ, एकाच सुराचा आवाज होता. टपरीवरच्या चहाचा ग्लास हलला नाही, पण माणसाने वळून पाहिले. हॉर्नचे काम तेवढेच.

बाकीची कामे हॉर्नची नव्हतीच. उजवीकडचा नवा आरसा मोठा घेतला. मागे आणि बाजूंना चमकणारी पट्टी लावली. अब्बांनी बाजेवर बसून एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांत कामाची. "ट्रेलरच्या आरशात तुला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला तू दिसत नाहीस. त्याच्या बाजूला रेंगाळू नको. मागे राहा, नाहीतर पुढे जा." पंचवीस वर्षांचा तजुर्बा तीन वाक्यांत. हे त्यांनी आधीच का नाही सांगितले, असे भावाने विचारले. अब्बांना 'सांगितले' ऐकू आले नाही. मी पुन्हा मोठ्याने विचारले. ते म्हणाले, "तुम्ही हॉर्नबद्दल विचारलं होतं."

प्रेशर हॉर्नचा खोका आमच्या माळ्यावर आहे. विकावा असे भावाला वाटत होते. मी म्हणालो, विकला तर तो दुसऱ्या कुणाच्या गल्लीत वाजेल. हजार-बाराशे रुपये गेले. एका दंडाएवढे.

त्यानंतरच्या आठवड्यात मी दहावीच्या वर्गात एक रिले, एक जुनी बॅटरी, गाडीचा एक दिवा आणि थोडी वायर नेली. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला पुढे बोलावले. तो आधी लाजला. मग टोपण काढलेला रिले हातात घेतल्यावर त्याचा आवाज बदलला. ३०, ८५, ८६, ८७. त्याने जोडणी केली, मी फळ्यावर सूत्र लिहिले. वर्गात इतकी शांतता होती की शेवटच्या बाकापर्यंत रिलेची टक ऐकू गेली. पुढच्या चाचणीत मी ओहमच्या नियमाच्या प्रश्नात टेम्पो काढला. त्याला पाचपैकी चार मिळाले. एकक लिहायला विसरला.

तो रिले मी परत घरी आणला होता. संध्याकाळी अब्बांनी हातात घेऊन पाहिला. मी बॅटरी जोडली आणि बटण दाबले. टक झाली ती त्यांना ऐकू आली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. मी त्यांचे बोट धरून हळूच पत्रीवर ठेवले आणि पुन्हा दाबले. पत्री खाली गेली, वर आली. अब्बा हसले आणि म्हणाले, "चालतोय."